लिस्बनचा एप्रिल, गोव्याचा डिसेंबर

२५ एप्रिलला लिस्बनमध्ये लाल कार्नेशनशिवाय हिंडणारा माणूस एक तर पर्यटक असतो, नाही तर त्याचं त्या दिवसाशी जुनं वैर असतं. मी पहिल्या गटातली. पण तिथे शिकणाऱ्या माझ्या भाचीने मेट्रोच्या जिन्यापाशी बसलेल्या एका बाईकडून फूल घेतलं, माझ्या हातात दिलं आणि मला दोन्ही गटांतून बाहेर काढलं. लांब देठ, देठाच्या टोकाला ओल्या कागदाचा बोळा. आपल्याकडे हे फूल लग्नाच्या स्टेजवर आणि सत्काराच्या बुकेत दिसतं. तळेगावच्या पॉलीहाऊसांतून त्याच्या जुड्या बाजारात जातात. त्याच्याकडे बघून क्रांती वगैरे काही सुचत नाही.

"बॅगेत नको खोचूस, मावशी. हातात धर," भाची म्हणाली. "आज सगळे तसंच धरतात."

पोर्तुगालचा सरकारी राष्ट्रीय दिवस खरं तर वेगळा आहे. तो १० जूनला, कामोइश या कवीच्या पुण्यतिथीला. त्या दिवशी भाषणं होतात, पदकं दिली जातात. २५ एप्रिलचीही सुट्टी राष्ट्रीयच, पण ती लोक स्वतःची म्हणून पाळतात. १९७४ साली याच तारखेला लष्करातल्या तरुण कप्तानांनी ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथवली. सकाळी दुकानांची शटरं खाली, ट्रामही रेंगाळत चाललेल्या, आणि घराघरांतून माणसं फूल घेऊन बाहेर पडताना दिसत होती. एका आजोबांनी कोटाच्या वरच्या खिशात, पेनाच्या जागी फूल लावलं होतं. एका कुत्र्याच्या पट्ट्यातही होतं.

मी इथे या दिवशी मुद्दाम आले होते, कारण मी बांद्याची. सिंधुदुर्गातलं, गोव्याच्या वेशीवरचं गाव. आमच्याकडून पुढे गेलं की पत्रादेवी, जिथे १५ ऑगस्ट १९५५ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग तिथेच पडला. आजी सांगायची, "भुकेले इल्ले बिचारे. तेंका पेज वाढलंय. सकाळी रेषेपलीकडे गेले, आणि सांजेक लोकांनी खांद्यार घालून हाडल्यानी." आजीच्या तोंडी त्या शिपायांना एकच नाव होतं, पाखले. लहानपणी मला पाखला म्हणजे बंदूक धरलेला, चेहरा नसलेला कुणीतरी वाटायचा. पुढे इतिहास वाचताना कळलं की त्याच पाखल्यांच्या देशात लोक रात्री दारावर थाप पडली की घाबरायचे, वर्तमानपत्रातली ओळन् ओळ सरकारी निळ्या पेन्सिलीखालून जायची, आणि गोव्यातल्या लोकांना ज्या कोठड्यांत डांबलं त्याच कोठड्यांत पोर्तुगीजही डांबले जात. तेव्हापासून ही तारीख डोक्यात होती.

आदल्या रात्री तेरैरू दु पासू या नदीकाठच्या मोठ्या चौकात संगीताचा कार्यक्रम होता. मध्यरात्रीच्या सुमारास 'ग्रांदोला' सुरू झालं. हे गाणं कसं सुरू होतं ते ऐकण्यासारखं आहे. आधी वाद्य नाही, सूर नाही, फक्त वाळूखड्यांवरून एका लयीत चालणारी पावलं. मग झेका अफोन्सूचा आवाज, आणि त्याच्यामागे कोरस. १९७४च्या त्या रात्री हे गाणं म्हणजे खूण होती. २४ तारखेला रात्री ११ला पाच मिनिटं कमी असताना एका स्टेशनवरून एक साधं प्रेमगीत वाजलं. त्या वर्षीच्या युरोव्हिजन स्पर्धेत ते पोर्तुगालतर्फे गेलं होतं आणि मागच्या रांगेत राहिलं होतं, त्यामुळे त्याच्यावर कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. ती पहिली खूण: तयार राहा. १२ वाजून २० मिनिटांनी 'रादियू रेनाशेन्सा' या चर्चच्या रेडिओवरून 'ग्रांदोला' वाजलं: निघा. झेकाच्या कितीतरी गाण्यांवर बंदी होती, हे मात्र सेन्सॉरच्या चाळणीतून सुटलेलं होतं. हुकूमशाहीतले सेन्सॉर बहुधा शब्द तपासतात, पावलांचा आवाज तपासायला विसरतात.

सांतारेंच्या घोडदळ शाळेतून कप्तान साल्गेइरू माया आपल्या चिलखती गाड्या घेऊन निघाला. वय २९. सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. सांगतात की लिस्बनमध्ये शिरताना त्याचा ताफा लाल सिग्नलला थांबला होता. ही गोष्ट इथे सगळे हसत सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमानही असतो. पहाटे तो याच तेरैरू दु पासूमध्ये पोहोचला. सरकारशी एकनिष्ठ असलेल्या तुकड्या समोर आल्या, तेव्हा माया पांढरा रुमाल घेऊन एकटा पुढे गेला. समोरच्या ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला आणि त्याच्याच शिपायांनी तो पाळला नाही. त्या क्षणी बाकी सगळं ठरून गेलं.

दुपारी आम्ही आधी कार्मूच्या चौकात गेलो. चढ छातीवर येतो आणि लिस्बनचे ते काळेपांढरे गुळगुळीत दगड चपलेखालून सटकतात. चौकाच्या एका अंगाला १७५५च्या भूकंपात छप्पर कोसळलेलं मठाचं देऊळ तसंच उभं आहे, नुसत्या कमानी, वर आकाश. त्याला लागूनच राष्ट्रीय गार्डचं मुख्यालय. पंतप्रधान मार्सेलू काएतानू या इमारतीत लपला होता. माया बाहेर गाड्या लावून उभा, झाडांवर, टेलिफोन बूथवर, गाड्यांवर माणसं चढलेली. रेडिओवरून सैन्य सांगत होतं की घरातच राहा, आणि लोक नेमके घराबाहेर पडत होते. अखेर काएतानूने जनरल स्पिनोलाच्या हाती सत्ता दिली. रस्त्यावरच्या गर्दीच्या हाती ती द्यायला त्याचं मन धजेना.

फुलाची गोष्टही त्याच दिवसाची. सेलेश्त काएइरू ही एका रेस्तराँमध्ये काम करणारी बाई. रेस्तराँला एक वर्ष झालं म्हणून मालकाने गिऱ्हाइकांना वाटायला कार्नेशन आणून ठेवली होती. गडबड सुरू आहे म्हटल्यावर त्याने रेस्तराँ बंदच ठेवलं आणि कामगारांना फुलं घरी न्यायला सांगितली, उगाच वाया नकोत. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगरेट मागितली. ती ओढत नव्हती. तिने फूल दिलं, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. पुढे फुलवाल्यांनी वाटली ती वेगळी. सेलेश्तबाई नोव्हेंबर २०२४मध्ये वारल्या, ९१ वर्षांच्या होऊन.

हे सगळं इतकं गोड आहे की त्यातलं रक्त विसरायला होतं. गुप्त पोलीस, म्हणजे पीदे, यांच्या मुख्यालयातून त्या संध्याकाळी जमावावर गोळ्या सुटल्या आणि चार जण मेले. ती इमारत कार्मूपासून चालत काही मिनिटांवर आहे. आम्ही तिकडेही गेलो. आता तिथे श्रीमंती फ्लॅट आहेत. भिंतीवर मेलेल्यांची एक पाटी. मायाचं काय झालं, तर त्याने पदं नाकारली, पुन्हा बराकीत गेला आणि १९९२मध्ये कर्करोगाने वारला. त्याने मागितलेली विशेष पेन्शन सरकारने दिली नाही. पीदेच्या दोन माजी माणसांना मात्र ती त्याच सुमारास मिळाली. फूल लावून मिरवणाऱ्या देशातही हे घडतं.

आता हे कप्तान का उठले, हा प्रश्न. कारण एवढी वर्षं हुकूमशाही निमूटपणे राबवणारं सैन्यच होतं, अचानक त्याला लोकशाहीचा पुळका कुठून आला? याचं उत्तर लिस्बनच्या चौकांत मिळत नाही. ते आफ्रिकेत आणि थोडं आपल्याकडे आहे.

१९६१पासून अंगोलात, १९६३पासून गिनीत (आजचं गिनी-बिसाऊ) आणि १९६४पासून मोझांबिकमध्ये पोर्तुगाल लढत होता. घराघरातली तरुण मुलं जबरदस्तीने तिकडे जायची. कितीतरी जण फ्रान्सला पळून जायचे. कप्तानांची कुरबूर मुळात अगदी मामुली गोष्टीवरून सुरू झाली. १९७३च्या एका हुकुमाने हंगामी अधिकाऱ्यांना झटपट बढती मिळणार होती आणि कायम सेवेतले मागे पडणार होते. सरकारी नोकरीत ज्येष्ठतेच्या यादीवरून जे होतं तेच. पण एकत्र बसून बोलू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खरी गोष्ट यादीची नाही. गिनीतलं युद्ध हातचं गेलं आहे, तिथल्या बंडखोरांनी सप्टेंबर १९७३मध्ये स्वातंत्र्य जाहीरही करून टाकलं आहे, आणि सरकार ऐकायला तयार नाही. काएतानूने तर गिनीत तेव्हा गव्हर्नर असलेल्या याच स्पिनोलाला सांगितलं होतं की वाटाघाटी करण्यापेक्षा सन्मानाने हरलेलं बरं.

हे वाक्य त्या अधिकाऱ्यांनी आधी ऐकलेलं होतं. डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर, आणि पणजीत गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा. हाताशी साडेतीन हजारांच्या आत-बाहेर पोर्तुगीज शिपाई, विमानं नाहीत, धड दारूगोळा नाही. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारची तार आली, तिचा मथितार्थ असा की तह नको, युद्धकैदी नकोत, आपले सैनिक एक तर जिंकलेले असतील नाही तर मेलेले. निदान आठ दिवस तरी लढा, असंही. सांगतात की रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी सांकेतिक शब्द म्हणून गोव्यातून 'शोरीस पाठवा' असा निरोप गेला होता आणि लिस्बनहून खरोखरच मांसाच्या शोरीसांची, म्हणजे सॉसेजांची, पेटी आली. गोव्यात माळ लावलेल्या चवरीसांवर जगणाऱ्या माणसांना बाहेरून चवरीस! सिल्व्हाने १९ डिसेंबरला शरणागती दिली. पूल उडवले होते, पण शहरं वाचली आणि माणसंही. कैदी पुढल्या वर्षी मे महिन्यापर्यंत सुटून लिस्बनला परतले, तर त्यांच्या स्वागताला फुलं नव्हती, लष्करी पोलीस होते. १९६३मध्ये सिल्व्हाला आणि आणखी काही अधिकाऱ्यांना सैन्यातून हाकललं.

हा अपमान सैन्याच्या मनात रुतून बसला. उद्या गिनी पडलं की सरकार आपल्याच डोक्यावर खापर फोडणार, गोव्यात फोडलं तसं, ही भीती बंडखोर अधिकाऱ्यांच्या बोलण्यात होती आणि इतिहासकार तिची नोंद घेतात. मला तर वाटतं की लिस्बनच्या या सणाच्या मुळाशी गोव्याचाही एक धागा आहे. बंदुकीत फूल येण्याआधी बारा वर्षं, एका गव्हर्नरने मरायला नकार दिला होता. २५ एप्रिलनंतर सिल्व्हाला सन्मानाने परत घेतलं गेलं. पुढे तो गोव्यात पाहुणा म्हणून येऊनही गेला, आणि गोवेकरांनी त्याला चहापाणी केलं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने नाक मुरडलं असतं.

तीन वाजता मोर्चा निघाला. मार्केश द पोंबालच्या चौकातून अव्हेनिदा द लिबर्दाद हा रुंद, झाडांचा रस्ता खाली रॉसियूकडे उतरतो. पुढे एक जुनी चिलखती गाडी, तिच्यावर पोरं बसलेली. मागे कामगार संघटना, पक्ष, शाळा, केप व्हर्डच्या बायकांचे ढोल, समलिंगी हक्कांचे झेंडे, घरभाडी परवडत नाहीत म्हणून ओरडणारी कॉलेजची मुलं. भाची त्यांच्यात सामील झाली, कारण तिच्या खोलीचं भाडं तिच्या आईला सांगण्यासारखं नाही. 'पंचवीस एप्रिल कायमचा, फॅसिझम पुन्हा नको' ही घोषणा एका टोकाकडून यायची आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाला नवी सुरू झालेली असायची. ही शिस्तबद्ध मिरवणूक नाही. मध्येच लोक थांबतात, ओळखीच्याला मिठी मारतात, बिअर घ्यायला फुटपाथवर जातात, पुन्हा येतात. खूप म्हातारी माणसं होती. काही जण काठी टेकत चालत होते आणि पोरं त्यांना वाट करून देत होती.

त्यातल्या एकांशी बोलणं झालं. भाची दुभाषी. ते गिनीत होते, वीस-एकवीस वर्षांचे असताना. मी कुठली म्हणून विचारलं. गोव्याशेजारची, असं सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि डोळे मिटून घोकल्यासारखे म्हणाले, "मांदोवी, झुआरी." प्राथमिक शाळेत त्यांना वसाहतींतल्या नद्या आणि रेल्वेमार्ग पाठ करावे लागत. चुकलं की पट्टी. माझ्या ओळखीतल्या म्हापशाच्या एका बाईंनी याच वयात तेजो आणि दोरू पाठ केल्या होत्या आणि त्यांनाही पट्टी बसली होती. दोघांनीही त्या नद्या पाहिल्या नव्हत्या. आजोबांनी विचारलं, मांदोवी केवढी आहे? मी म्हटलं, तुमच्या तेजोपेक्षा लहान, पण आता तिच्यात कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. भाचीने भाषांतर केल्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

गर्दीच्या कडेला एक डिलिव्हरीवाला पोरगा सायकल धरून मोर्चा सरण्याची वाट बघत होता. पाठीवरच्या चौकोनी पिशवीच्या चेनमध्ये कुणीतरी कार्नेशन अडकवलेलं. चेहऱ्यावरून आपल्याकडचा. मी हिंदीत विचारलं तर तो जालंधरचा निघाला. "यह फूल किसका है, आंटी? चुनाव है क्या?" मी जमेल तेवढं सांगितलं. त्याने मान डोलावली, फोनकडे पाहिलं, ऑर्डर थंड होत होती. लिस्बनमध्ये आज घरोघर जेवण पोहोचवणारे, पूर्वेकडच्या गल्ल्यांतून किराणा विकणारे, दक्षिणेत शेतांवर बेरी तोडणारे पुष्कळ जण पंजाबी, नेपाळी, बांगलादेशी आहेत. त्यांच्यावर राग काढणारा शेगा हा कडवा उजवा पक्ष २०१९मध्ये संसदेत एका जागेवर होता. २०२५च्या निवडणुकीत त्याला ६० मिळाल्या. म्हणूनच की काय, भाचीची पोर्तुगीज मैत्रीण म्हणाली, मागची काही वर्षं मोर्चा पुन्हा तरुण झालाय. तिचे आईवडील सुट्टी म्हणून समुद्रावर जायचे. ती येते.

मोर्चात एक गोष्ट मला खटकली आणि ती लिहायला हवी. कप्तानांच्या कार्यक्रमात तीन गोष्टी होत्या: लोकशाही आणायची, वसाहती सोडायच्या, विकास करायचा. पहिलीचे फलक सगळीकडे, तिसरीची भांडणं सगळीकडे. मधलीचा उल्लेख आफ्रिकन वंशाच्या संघटनांखेरीज फारसा कुणाच्या हातात दिसला नाही. दुसऱ्या दिवशी बेलेंला गेले. तिथे अध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या बागेत उंच खांबावर अफोन्स द अल्बुकर्क उभा आहे, १५१०मध्ये आदिलशहाकडून गोवा घेणारा. जवळच जेरोनिमुशच्या मठात वास्को द गामाची कोरीव कबर, तिच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग. नदीकाठी दर्यावर्द्यांचं ते पांढरं अवाढव्य स्मारक, जे सालाझारने १९६०मध्ये दगडात उभं केलं. कुठेच कार्नेशन नव्हतं. त्या कप्तानांच्या बंडाला कारण झालेली आफ्रिकेतली माणसं आणि हे खांबावरचे पुरुष यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे या शहराला ठाऊक आहे, पण सुट्टीच्या दिवशी ते बोलायचं नाही असं जणू ठरलेलं आहे. अर्थात आपणही १९ डिसेंबरला पणजीत ध्वज फडकवतो तेव्हा त्याच गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी जन्मदाखले शोधणाऱ्यांच्या रांगा असतात, हे बोलत नाही. गोवा मुक्त होण्याआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो मिळतो, आणि २०२०च्या अखेरीस ब्रेक्झिट पुरतं लागू होईपर्यंत तो घेऊन बरेच जण लिस्बनला न थांबता सरळ इंग्लंडमध्ये स्विंडनला जायचे.

दिल्लीत ३१ डिसेंबर १९७४ला एक करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. गोवा हातचा जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि तोवर लिस्बनच्या कागदावर तो त्यांचाच होता. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारियू सोआरिश यांनी. पीदेने त्यांना अनेकदा पकडलं होतं, साओ तोमे बेटावर धाडलं होतं, आणि २५ एप्रिलनंतर तीनच दिवसांनी ते पॅरिसहून रेल्वेने लिस्बनला परतले होते. भारतातर्फे सही यशवंतराव चव्हाणांची. कऱ्हाडच्या शाळेत तिरंगा लावणारा आणि त्यापायी इंग्रजांच्या तुरुंगात गेलेला मुलगा. दोघांनाही कोठडी माहीत होती. त्या टेबलावर त्यांचं एकमेकांशी काय बोलणं झालं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

बेलेंहूनच आम्ही काइश दु सोद्रेहून येणारी किनाऱ्याची लोकल पकडली आणि काशियशला उतरलो. हे माझ्या यादीतलं एकच ठिकाण होतं जे भाचीला कळत नव्हतं. तिथे पर्यटक जात नाहीत. समुद्राकाठी छोटं स्टेशन, आणि मागे टेकडीवर किल्ल्याचा तुरुंग.

मोहन रानडे इथे होते. मूळचे सांगलीचे, आपटे, मराठी शिकवायला म्हणून गोव्यात गेलेले मास्तर आणि आझाद गोमंतक दलाचे सैनिक. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. आधी गोव्यात, मग पोर्तुगालला आणून या किल्ल्यात. १९६१चा डिसेंबर आला, गोवा मुक्त झाला, भारताने पोर्तुगीज कैदी सोडून दिले, आणि रानडे इथेच. ज्या कामासाठी तुरुंगात गेलो ते काम झालं आहे आणि तरीही आपण आत आहोत, हे कळणं म्हणजे काय असेल? बाहेर सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी वणवण करत होते. 'ज्योती कलश' आणि 'गीतरामायण' एवढ्यावरच बाबूजींना ओळखणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे. मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, पोपनी लिस्बनकडे. दरम्यान १९६८च्या उन्हाळ्यात सालाझार खुर्चीतून पडला आणि त्याच्या मेंदूला इजा झाली. त्याच्या जागी काएतानू आला, पण म्हाताऱ्याला ते कुणी सांगितलं नाही. मंत्री त्याच्या पलंगाशी येऊन कारभार चालू असल्याचं नाटक करत राहिले. जानेवारी १९६९मध्ये रानडे सुटले. तेरा वर्षांहून जास्त तुरुंग, त्यातली कितीतरी वर्षं एकांतात. २६ एप्रिल १९७४च्या रात्री याच काशियशचे दरवाजे उघडले आणि उरलेले राजकीय कैदी बाहेर पडले, बाहेर त्यांचे नातलग रडत उभे. त्याची छायाचित्रं पोर्तुगालमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. त्यात रानडे नाहीत. ते पाच वर्षं आधीच गोव्यात परतले होते.

टेकडीच्या वाटेला एकही फलक नव्हता. फाटकापाशी भाचीने पहारेकऱ्याला विचारलं, फोटो काढला तर चालेल का? नाही म्हणाला. का हवाय? तिने सांगितलं, आमच्या भाषेतले एक मास्तर इथे होते, १९६९पर्यंत. पहारेकरी तरुण होता, शर्टाच्या खिशाला कालचं कोमेजलेलं फूल. त्याने समजूत घालायच्या सुरात लांबलचक काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हा तुरुंग अजून चालू आहे, साधे चोर-दरोडेखोर असतात. तुम्हाला हवंय ते म्युझियम पेनिशला. जुने राजकीय कैदी बघायचे तर तिकडे जा."

पेनिश मला माहीत होतं. समुद्रात घुसलेला किल्ला, १९४६च्या गोव्याच्या चळवळीनंतर त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना तिथेच आणून टाकलं होतं.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"शंभरेक किलोमीटर. बस आहे, मावशी," भाची फोनवर वेळापत्रक चाळत म्हणाली, "पण तू पहाटे उठायचं कबूल कर."